बॉक्समधला शॉर्ट शिफ्टर गाडीत बसलाच नाही

जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी या पट्ट्यात ज्यांच्याकडं स्कोडाची जुनी ऑक्टेव्हिया आरएस, लॉरा किंवा तसलीच एखादी हौसेची मॅन्युअल गाडी आहे आणि जे शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरच्या दांड्याची हालचाल कमी करणारा किट, बसवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे 28,000 रुपये गेले. पण खरी चीड वेगळीच आहे. ज्या वस्तूचे पैसे घेतले ती गाडीत बसवलीच नव्हती, आणि कापला तो माझ्याच गाडीचा कंपनीचा, धडधाकट दांडा.

आमच्याकडं या गाडीचं वेड असायला कारण आहे. स्कोडाचा कारखाना शेंद्र्याला, जालन्याहून संभाजीनगरला जाताना लागतो. 2001 साली तिथं ऑक्टेव्हियापासूनच काम सुरू झालं. त्या काळात जालन्यात लहानाची मोठी झालेली माझ्या वयाची पोरं ‘मोठा झालो की हीच घेणार’ म्हणायची. त्यातली आरएस म्हणजे 1.8 लिटर टर्बो, 150 हॉर्सपॉवर, पाच गिअर. मला सेकंडहँड मिळाली. इंजिन ठणठणीत, बॉडी बरी, पण गिअरचा दांडा ढिला. तिसऱ्यात गाडी पळत असतानासुद्धा दांडा डावी-उजवीकडं डुलायचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गिअरची खाच चाचपडावी लागायची.

संभाजीनगरातला एक मॉडिफिकेशनवाला इन्स्टाग्रामवर फार दिसायचा. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे. त्यानं दांडा दोनदा हलवून बघितला आणि निदान केलं, “दादा, केबल ताणल्यात. आतलं समदं गेलंय. कामून रेटायलात असंच? शॉर्ट शिफ्टर टाका, थ्रो (दांड्याचा प्रवास) 40 टक्के कमी, गाडी नवी होऊन जाईल.” मग कपाटातून काळा बॉक्स काढला. आत फोममध्ये ॲल्युमिनियमची खाचदार पट्टी, पितळी बुश (जोडात बसणारी कडी), चकाकणारे बोल्ट आणि जर्मन भाषेतला कागद. वस्तू खरी होती. हातात घेतल्यावर वजनदार लागली, मशीनवरचं काम साफ होतं. आमचा धंदा लोखंडाचा, त्यामुळं एवढं कळतं. फसवणूक वस्तूत नव्हतीच.

ती कुठं होती हे समजायला शॉर्ट शिफ्टर काय करतो ते आधी बघू.

गिअरचा दांडा एका टेकूवर फिरतो. टेकूच्या वर मुठीपर्यंतचा लांब भाग, खाली छोटा भाग. आपण मूठ बरीच हलवतो, खालचं टोक थोडंच हलतं. तेवढं हललं की गिअर पडतो. हे गुणोत्तर बदललं की मुठीचा प्रवास कमी होतो. माझदाच्या मियाटासारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, म्हणून तिथं आख्खा दांडाच बदलतात आणि त्याचा टेकू वर सरकवतात. माझ्यासारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन केबल असतात. एक पुढं-मागं ओढणारी, दुसरी डावी-उजवीकडची रांग निवडणारी. अशा गाडीचा कामाचा शॉर्ट शिफ्टर बहुतेक वेळा केबिनमध्ये बसतच नाही. तो बॉनेटखाली, गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टरवर बसतो. केबल ज्या खिळ्यात अडकते तो खिळा शाफ्टच्या जवळ आणला की तेवढ्याच फिरण्याला केबल कमी सरकते, आणि मूठही कमी सरकते. बॉक्समधली ती खाचदार पट्टी याच कामाची होती.

प्रवास कमी झाला की जोर वाढतो, फुकट काही मिळत नाही. प्रवास 40 टक्क्यांनी कमी म्हणजे मुठीवर दीडपटीहून जास्त जोर. हे विकणारा कधीच सांगत नाही. आणि गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगला गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवायला जो क्षण लागतो तो लागतोच. दांडा आखूड केला म्हणून सिंक्रो घाई करत नाही. हात घाई करतो आणि रिंग झिजते.

दांड्याचं वरचं टोक नुसतं कापलं तरी मूठ कमी सरकते, हेही खरंय. टेकूपासून 20 सेंटिमीटरचा दांडा 16 केला की प्रवास 20 टक्क्यांनी घटला आणि जोर 25 टक्क्यांनी वाढला. यासाठी जर्मन कागद लागत नाही, हॅक्सॉ पुरतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

गाडी सकाळी दिली. “चार तास लागतील, जेवून या.” मी जाऊन नान खलिया खाल्ला, उन्हात शहागंजला उगाच एक चक्कर मारली. परत आलो तर दांडा आखूड, वर ॲल्युमिनियमची नवी मूठ, गडी हात पुसत उभे. हलवून बघितलं तर हालचाल खरंच कमी झालेली. जुने भाग मागितले तर म्हणे, “काही निघालंच नाही दादा, हे वरून लागतं.” बॉक्स मागितला तर म्हणे वॉरंटी नोंदवायला तो त्यांच्याकडं राहतो. बिलाच्या नावाखाली वहीतला कागद: ‘शिफ्टर फिटिंगसह, 1 नग’. जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयनं गेले ते दुकानाच्या नाही, भलत्याच एका माणसाच्या खात्यावर.

केबिनमध्ये जळक्या प्लास्टिकचा बारीक वास होता. सेंटर कन्सोल गरम झालं असेल, असं सांगितलं गेलं.

घरी आल्यावर बॉनेट उघडलं आणि तिथं कोणाचा हातच लागलेला नव्हता. या गाडीत सिलेक्टरपर्यंत जायचं तर एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो, बॅटरीही बाजूला घेतली तर काम सोपं जातं. डब्याच्या क्लिपांवर महिन्यांची धूळ जशीच्या तशी. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशीसुद्धा शाबूत. डॅशबोर्डचं घड्याळ मिनिटालासुद्धा चुकलं नव्हतं, म्हणजे बॅटरी सुटलीच नव्हती. फोन केला. उत्तर आलं, “आपल्या मॉडेलला खालूनच बसतं.” खाली लिफ्टवर बघितलं, तिथंही काही नाही.

मग दांड्याखालचा चामड्याचा बूट, म्हणजे कव्हर, उचलला. दांड्यावर मधोमध वेल्डिंगचा जोड. वरून काळा स्प्रे मारलेला, तोही ओला असतानाच बूट बसवलेला. खालचा तुकडा कंपनीचा, वरचा साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) गजाचा, त्यावर आटे पाडून मूठ फिरवलेली. ओळखीच्या लेथवाल्या उस्तादांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, जोडावरून नख फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “भाई, ये टाका है. इसपे भरोसा नक्को.” नुसता टाका मारलेला होता, पूर्ण फिरवून वेल्ड केलेलंही नव्हतं.

जळक्या वासाचं कारणही त्यांनीच दाखवलं. दांडा ज्या नायलॉनच्या वाटीत फिरतो ती वाटी जागेवरच वेल्डिंग केल्यामुळं एका अंगानं वितळली होती. रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबावा लागतो, आणि माझा अर्ध्यातच अडकत होता तो यामुळंच. आणखी एक गोष्ट ऐकून मला घामच फुटला. बॅटरीची केबल न सोडता गाडीत आर्क वेल्डिंग केलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उडू शकतो. माझा वाचला, नशीब.

दुसरा दांडा मिळेपर्यंत गाडी उभी करायचं ठरलं होतं. पण मावशीकडचं लग्न चाळीसगावला, घरात दुसरी मोठी गाडी नाही. उस्तादांनी जोड नीट वेल्ड करून दिला आणि हळू चालवायला सांगितलं. कन्नडच्या पुढं औट्रम घाट उतरताना दुसऱ्या गिअरसाठी दांडा ओढला तर तो वाटीतूनच निसटला. वितळलेली कड तुटली होती. गाडी न्यूट्रलला, पुढं वळण, मागं ट्रक, शेजारी आई. ब्रेक आणि हँडब्रेकवर कडेला घेतली. आई काहीच बोलली नाही, फक्त पर्समधून जपमाळ काढली. तिथून टोइंग, आणि लग्नाला जीपनं.

बॉक्सचं रहस्य त्यानंतर उलगडलं. गाड्यावाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बीडच्या एका पोरानं फोटो टाकला: ‘आज शॉर्ट शिफ्टर बुक केला’. काळा बॉक्स, उजव्या कोपऱ्याला खाकी चिकटपट्टी, झाकणावर निळ्या पेनचा ओरखडा. माझ्याकडच्या फोटोत तोच कोपरा, तीच पट्टी, तोच ओरखडा. त्या पोराला फोन केला तेव्हा त्यानं 10,000 आगाऊ दिले होते, गाडी दुसऱ्या दिवशी सोडणार होता. म्हणजे एकच खरा किट आणून ठेवलेला. तो दाखवायचा, पैसे घ्यायचे, दांडा कापायचा, आणि बॉक्स परत कपाटात. दाखवायचे दात जर्मनीचे, खायचे दात ग्राइंडरचे.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा तो शांत होता. म्हणाला, “थ्रो कमी झाला का नाही? मग?” आता यावर काय बोलायचं! माझ्याबरोबर आलेला भाचा मात्र मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होता. पुढं हेच कामाला आलं.

वकिलाची नोटीस गेल्यावर एक दिवस 10,000 रुपये खात्यावर आले आणि पाठोपाठ मेसेज, ‘मिटवून टाका’. मी ते पैसे मान्य करून प्रकरण मिटल्याचं काही लिहून दिलं नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानं काही हललं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या कायद्यामुळं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान संभाजीनगरात असलं तरी जालन्यात चालते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कोणी ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन गायबच झालं, तर 1930 ला लगेच फोन करायचा. ती सायबर फसवणुकीची लाइन आहे आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आता गाडीचं. भंगारातून त्याच मॉडेलचा अखंड दांडा आणि वाटीसकट तिचं हाउसिंग मिळालं. ते बसवताना मेकॅनिकनं केबलच्या टोकांची आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरची बुश बदलली. सगळी झिजून गोलाची अंडाकृती झाली होती. गिअर ऑइल जीएल-4 प्रतीचं नवीन भरलं, आधीच्यानं कुठलं ओतलं होतं देव जाणे. एवढ्यावर ते डुलणं संपलं. तिसरा गिअर हाताला आपोआप सापडतो. केबल ताणलेल्या नव्हत्याच, आणि मूळ दुखण्याचा खर्च 28,000 च्या आसपासही नव्हता.

तरीही कुणाला शॉर्ट शिफ्टर टाकायचाच असेल तर टाका, चांगला किट मजा देतो, नाकारत नाही. पण बुश आणि ऑइल आधी करून घ्या आणि मग महिनाभर चालवून ठरवा. विकणाऱ्याला विचारा की टेकू किंवा केबलचा खिळा नेमका कुठं बदलणार. ‘दांडा छोटा होतो’ हेच उत्तर आलं तर उठून या. रीलमध्ये मियाटा दाखवून ऑक्टेव्हियाचं काम घेणाऱ्याकडं तर थांबूही नका. काम देण्याआधी तिसऱ्यातून चौथ्यात मूठ किती सरकते ते पट्टीनं मोजून फोटो काढा, मी परभणीच्या मित्राच्या गाडीत मोजून तुलना केली तेव्हा कुठं माझ्याकडं आकडे आले. बॉक्सवरचा नंबर कागदावर लिहून घ्या, बॉक्स आणि निघालेले भाग घरी न्या, आणि काम चालू असताना तिथंच बसा. जेवण नंतरही करता येतं. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 नं सुरू होतो, आणि तो सरकारी पोर्टलवर तपासता येतो.

संभाजीनगरात असं काम ज्यांनी आधीच करून घेतलंय त्यांनी आज बूट उचलून दांडा बघा. जोड दिसला तर गाडी घाटात नेऊ नका. दांडा बदलण्याआधी जोडाचे, वाटीचे, एअर फिल्टरच्या धुळीचे फोटो काढा, दुसऱ्या एखाद्या वर्कशॉपकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि कापलेला दांडा फेकू नका. माझा आयोगापुढं ठेवलाय, बीडचा पोरगाही त्याच्या आगाऊ रकमेसाठी तक्रार करतोय.