काटा खाली बसवला आणि हेड गॅस्केटचे पैसे लावले

पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी जपून चालवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय. गॅरेजचं नाव देत नाही. नाशिक-मुंबई रस्त्यावर, कसारा घाटाच्या आसपास गॅरेजं बरीच आहेत, त्यातली चांगलीही आहेत. पण माझ्यावर चाललेली युक्ती कुठल्याही गावात चालेल अशी आहे.

आमची गाडी 2001 ची होंडा सिटी, पेट्रोल. घाट चढताना टेंपरेचरचा काटा मध्यावरून एका झटक्यात लाल रेषेला टेकला, पुढच्या वळणावर परत मध्यावर आला, मग पुन्हा वर. वाफ नाही, कूलंटचा वास नाही, कूलंटची बाटली भरलेली, एसी गार. तरी घाटात कोण धोका पत्करणार? पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली.

कारागिराने बॉनेट उघडलं, मोबाइलवर एक ॲप काढून पडदा माझ्यापुढे धरला. लाल अक्षरांत 118 अंश. "ताई, हेड गेलंय. अशीच नेली तर इंजिन जाम." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. त्याच्या खालचं सील म्हणजे हेड गॅस्केट, ते गेलं की इंजिनातला गॅस कूलंटमध्ये शिरतो.) मग कूलंट काढून टाकलं, कॅनमधलं साधं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे आले. "बघा, गॅस पाण्यात येतोय." डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर माणूस गप्प होतो.

गाडी ठेवून आम्ही एसटीने पुढे गेलो. फोनवर कळलं, हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलंय. गाडी मिळाली तेव्हा काटा अगदी तळाशी, 'सी'वर. "आता बर्फासारखी चालेल," म्हणाला. साध्या कागदावरचा हिशोब असा: सेन्सर 2,800, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढणे 1,200, हेड गॅस्केट आणि फेसिंग 14,500. एकूण 18,500, यूपीआयने, कुणाच्या तरी खासगी नावावर.

नाशिकला आल्यावर खटकायला लागलं. द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये कितीही वेळ अडकलं तरी काटा 'सी'वरून हलेना. ॲव्हरेज पडलं, सकाळी हीटरमधून कोमट हवा. इंजिन गरम झाल्यावर काटा मध्याच्या जरा खाली येऊन थांबायलाच हवा. तळाशी चिकटलेला काटा म्हणजे गाडी थंड आहे असं नव्हे, बहुधा कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.

ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांनी आधी हेडकडे बॅटरी मारली. व्हॉल्व्ह कव्हरच्या नटांवर तेल आणि धुळीचा जुना काळा थर जसाच्या तसा. नखाने खरवडला तेव्हा कुठे खालचं पितळी पॉलिश दिसलं. हेड उतरवायचं तर हे कव्हर निघतं, टायमिंग बेल्ट निघतो, इनटेक सुटतो. इथे एका नटालाही पाना लागलेला नव्हता. मग थर्मोस्टॅटच्या बाजूला त्यांना एक वायर लोंबताना दिसली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली.

ह्या पिढीच्या गाडीत तापमान दोन वेगळ्या ठिकाणांहून वाचलं जातं. एक सेंडर, एकाच वायरचा, तो फक्त डॅशबोर्डचा काटा हलवतो. दुसरा दोन वायरचा सेन्सर, तो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमान सांगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते त्यावर ठरतं. काट्याच्या वायरचं इन्सुलेशन एका ब्रॅकेटला घासून गेलं होतं. तांबं इंजिनच्या बॉडीला टेकलं की काटा थेट लालवर, सुटलं की परत. घाटातल्या हादऱ्यांनी नेमकं तेच होत होतं. खरं तापमान असं क्षणात उडी मारत नाही, ते चढत चढत जातं. गॅरेजवाल्याने ती वायर उपटली. वायर सुटली की काटा तळाला. झालं त्याचं "हेडचं काम".

राग पैशांपेक्षा ह्याचा जास्त येतो. समजा पुढे खरंच रेडिएटर फुटला असता, तर काटा शांत बसून राहिला असता आणि इंजिन आमच्या डोळ्यांदेखत शिजलं असतं.

"नवा" सेन्सरही जुनाच निघाला, कनेक्टरवरची धूळ शाबूत. काकांनी मल्टिमीटर लावला. गार इंजिनला दोन-तीन हजार ओहम, 80 अंशांच्या आसपास दोनशे ते चारशे, असं ह्या सेन्सरचं सर्वसाधारण वागणं. तापलं की रेझिस्टन्स कमी होतो. आमचा अगदी बरोबर वाचत होता. तो बिघडला असता तर चेक इंजिनचा दिवा लागून 6 नंबरचा कोड बसला असता. डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली दोन पिनांचा कनेक्टर असतो, तो वायरच्या तुकड्याने जोडून इग्निशन ऑन केलं की दिवा कोड मिचकावतो. आमच्यात एकही कोड नव्हता.

आणि ते 118? मोबाइल ॲपला लागतो तो 16 पिनांचा ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचा) ह्या गाडीत नाहीच. भारतात ओबीडी सक्तीचं झालं 2010 पासून. म्हणजे तो आकडा दुसऱ्या गाडीचा किंवा आधीच काढून ठेवलेला स्क्रीनशॉट. तुमच्या जुन्या गाडीचं रीडिंग कुणी फोनवर दाखवलं, तर डोंगल (त्या सॉकेटमध्ये बसणारं, फोनला रीडिंग पाठवणारं छोटं यंत्र) कुठे लावलाय ते आधी दाखवायला सांगा.

बुडबुड्यांचंही तसंच. सिस्टिम रिकामी करून भरली की आतली हवा बाहेर पडणारच, म्हणून तर एअर ब्लीड करतात. हेड गॅस्केटची शंका असेल तर ब्लॉक टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडावर निळं केमिकल धरतात, एक्झॉस्टचा गॅस असेल तर ते पिवळं पडतं. गरम रेडिएटरचं झाकण मात्र स्वतः उघडायला जाऊ नका, भाजाल. आणि "आपल्याकडे ऊन आहे, थर्मोस्टॅट कशाला" हे ऐकू नका. तो साधारण 78 अंशांना उघडायला लागतो. काढून टाकला तर इंजिन गारच राहतं आणि ईसीएम जास्त पेट्रोल सोडत बसतो.

आमची दुरुस्ती म्हणजे वायरचा नवा तुकडा, थर्मोस्टॅट, योग्य प्रमाणातलं कूलंट आणि थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा गंजलेला अर्थिंगचा बोल्ट साफ करणं. त्या 18,500 च्या पाव हिश्शातही हे सगळं बसलं.

नटांचे, लोंबत्या वायरचे फोटो काढून गॅरेजवाल्याला पाठवले. आधी म्हणाला, काम दुसऱ्या पोराने केलं. मग फोन उचलणं बंद. 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, तो हिशोबाचा कागद आणि फोटो आहेत. ह्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीचा मेसेज गेल्यावर मात्र त्याचा स्वतःहून फोन आला: "ताई, गाडी घेऊन या, एक सर्व्हिसिंग फुकट करून देतो."