आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर: जुन्या लॅपटॉपला 4 केबीचाच बफर बरा

सांगलीच्या मार्केट यार्डातील काही आडत पेढ्यांवर हळदीच्या सौद्यांचे हिशेब अजूनही कमी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर चालतात, आणि त्यांपैकी लिनक्स बसवलेल्या यंत्रांची देखभाल करताना इंटेलच्या वायफाय कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर वारंवार हाताळावा लागतो. हे परीक्षण त्याच्या ‘एएमएसडीयू साइज’ या एकाच पर्यायापुरते आहे. एएमएसडीयू म्हणजे अनेक लहान पॅकेटे जोडून केलेला एक मोठा ऐवज. राउटरकडून येणाऱ्या फ्रेमसाठी, म्हणजे वायफायवरून एका वेळी येणाऱ्या डेटाच्या तुकड्यासाठी, केवढा बफर (मेमरीतील तात्पुरती जागा) राखायचा, ते या पर्यायाने ठरते.

जुन्या कार्डांसाठी मूळ आकार 4 केबी आहे. तो 8 किंवा 12 केबीपर्यंत वाढवता येतो. पैकी 12 साठी प्रत्यक्षात 16 केबीचा बफर घेतला जातो. रांगेत 256 बफर धरले, तर 1 एमबीऐवजी 4 एमबी लागतात आणि तेवढ्याने जुन्या यंत्राचेही काही बिघडत नाही. अडते ते सलग जागेपाशी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचे वाटप 4 केबीच्या पानांनी करतो, म्हणून 16 केबीसाठी एकमेकांना लागून असलेली चार पाने रिकामी हवीत. सकाळपासून ब्राउझर आणि हिशेबाची पत्रके उघडी असलेल्या यंत्रात रिकामी पाने असली तरी ती विखुरलेली असतात. नवा बफर वेळेवर मिळाला नाही, की फ्रेम गळू लागतात.

या ड्रायव्हरचे खरे कौतुक वाटते ते त्याच्या चोख व्यवहाराचे. बफर 4 केबीचा असेल, तर 802.11एन या जुन्या वायफाय मानकाच्या जोडणीत तो राउटरला 3839 बाइटांचीच मर्यादा कळवतो. त्यामुळे न मावणारा ऐवज मुळात पाठवलाच जात नाही. शिवाय एनमध्ये गठ्ठ्याने येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर 4095 बाइटांचे बंधन असल्याने, तसल्या राउटरपुढे बफर वाढवून हाती फारसे लागत नाही. 802.11एसी या त्यानंतरच्या मानकात फ्रेम 11454 बाइटांपर्यंत जाऊ शकते. तिथे, मेमरी मुबलक असेल तर, मोठा आकार जरूर निवडावा.

गैरसोय एवढीच, की हा पर्याय मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग) चढवतानाच देता येतो, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी जोडणी तोडणे आले, आणि सौदे चालू असताना ते कोणी करू देणार नाही. मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या मॉडइन्फो या आज्ञेतील वर्णनही फार त्रोटक आहे: 1, 2, 3 हे क्रमांक चढत्या आकारांचे, तर नव्या कर्नलमध्ये 4 समोर चक्क 2 केबी लिहिलेले आहे.