परदेशातली जर्मन शाळा: तीन सहामाह्यांनंतर

शाळा आग्नेय आशियातली, किंडरगार्टनपासून आबिटुअरपर्यंत (म्हणजे जर्मन बारावीच्या परीक्षेपर्यंत) एकाच आवारात. नाव देत नाही, कारण खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक अशा कुठल्याही शाळेला लागू पडेल. जर्मन सरकारच्या झेडएफए या खात्याच्या मदतीने जगभरात सव्वाशेच्या वर अशा शाळा चालतात. मुंबईत 1961 साली जर्मन शाळा म्हणून सुरू झालेली डीएसबी आहे, पण ती आता इंग्रजी वळणाची झाली. इथे लिहिलंय ते जर्मन माध्यमाबद्दल.

पहिली गोष्ट: फी किती यापेक्षा मूल कुठल्या वर्गात शिरणार, हे आधी बघा. तीन-चार वर्षांचं मूल वाळूत खेळता खेळता जर्मन उचलतं, त्याची काळजी नको. पहिली-दुसरीत आलं तर साधारण वर्षभर दाफचा, म्हणजे परकी भाषा म्हणून जर्मनचा, जादा तास लागतो. पाचवीनंतर खरी ओढाताण सुरू होते. बोलणं सहा महिन्यांत जमतं, पण इतिहासाचा धडा वाचून 'कारणे द्या' लिहायला ती भाषा पुरत नाही, आणि मूल मैदानावर फाडफाड बोलतंय म्हणून घरचे निर्धास्त राहतात. आठवीनंतर जर्मन शाखेत घालूच नका. शाळेला इंग्रजी शाखा असेल तर ती बघा.

मराठी मुलांना एक फायदा मात्र आहे. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं हेही कानाला परकं वाटत नाही. एकवीसला ते 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे आधी एक, मग वीस. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं इथे 21 आणि 12 ची अदलाबदल करतात. त्यांना घरी मराठी आकडे म्हणायला लावा, गाडी रुळावर येते. लिंगं मात्र जुळवत बसू नका. सूर्य त्यांच्याकडे 'ती' आहे आणि खुर्ची 'तो'.

आता सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट. गुण 1 ते 6, त्यात 1 सर्वांत चांगला. हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही ती 'म्युंडलिश', म्हणजे वर्गातल्या बोलण्याला मिळणारी श्रेणी. वरच्या वर्गांत बऱ्याच विषयांत निम्मं किंवा त्याहून जास्त वजन तिचं असतं. हात वर करणं, दुसऱ्याचं म्हणणं खोडणं, 'मला हे पटत नाही, कारण...' असं म्हणणं, हे सगळं मोजलं जातं. लेखी परीक्षेत 1 आणि प्रगतिपुस्तकात 3 असं दिसलं की पालक तावातावाने भेटायला जातात. शिक्षक शांतपणे वही उघडून दाखवतात: मुलगी महिन्याभरात दोनदा बोलली. शहाणं मूल गप्प बसतं हा आपला संस्कार तिथे 'तयारी नाही' असा वाचला जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक तासाला दोनदा हात वर करायचा, उत्तर चुकलं तरी चालेल. चुकीचे गुण कापत नाहीत, गप्प बसण्याचे कापतात. आणि सहामाहीच्या मधेच शिक्षकांना विचारा, जानेवारीअखेरच्या प्रगतिपुस्तकाची वाट बघू नका.

गणित हळू चालतं. पहिलीत 20 पर्यंत, दुसरीत 100, तिसरीत 1000 आणि चौथीत दहा लाखांपर्यंत. घरी तीसपर्यंत पाढे म्हणून घेतलेलं मूल पहिली दोन वर्षं कंटाळतं. पण गृहपाठ घ्यायला बसलात की गोंधळ आपलाच होतो. दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम: 3,5 म्हणजे साडेतीन, आणि 1.000 म्हणजे चक्क एक हजार. गुणाकाराला टिंब, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं. भाजक उजवीकडे, उत्तर त्याच ओळीत पुढे (864 : 4 = 216) आणि पायऱ्या खाली उतरत जातात. आपली पद्धत शिकवू नका. उत्तर बरोबर येतं, पण मूल दोन मांडण्यांत अडकतं. घड्याळातही सापळा आहे. 'हाल्ब फीर' (शब्दशः 'अर्धा चार') म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. पावणेचारला काही भागांत 'ड्राय-फिअर्टल फीर' म्हणतात, तेवढं आपल्यासारखंच.

वह्यांचं प्रकरण हलक्यात घेऊ नका. प्रत्येक इयत्तेच्या आखणीला क्रमांक असतो: पहिलीला लिनेआटूर 1, दुसरीला 2, असं चौथीपर्यंत. विषयवार कव्हरचा रंगही ठरलेला. स्थानिक दुकानात ही आखणी मिळत नाही, म्हणून यादी येताच जर्मनीहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत जागा धरा. दुसरी-तिसरीत शिसपेन्सिल सुटते आणि शाईपेन येतं. डावखुऱ्यांसाठी वेगळं पेन असतं, ते आठवणीने मागा. शाई धुऊन जाणारी निळीच घ्या, कारण खोडपेन फक्त तिच्यावर चालतं. शिवाय खोडलेल्या जागी तीच शाई पुन्हा उमटत नाही. त्याच खोडपेनाच्या दुसऱ्या टोकाने लिहावं लागतं. हे माहीत नसल्याने तिसरीतली निम्मी मुलं कागद खरवडून भोक पाडतात.

किंडरगार्टनात अक्षरओळख होत नाही, मागूही नका. कात्री, डिंक, चिखल, झाडावर चढणं, बस्स.

वरच्या टोकाला बारावीअखेर आबिटुअर. तीन लेखी, दोन तोंडी परीक्षा. एकूण 900 गुणांपैकी 600 अकरावी-बारावीच्या चार सहामाह्यांतून येतात, 300 अंतिम परीक्षेतून. शेवटच्या तीन महिन्यांत रात्र रात्र जागून बारावी काढायची सवय इथे कामाची नाही. जर्मनीत शिकायला जायचं तर हा कागद सोन्याचा. भारतातून बारावी करून जाणाऱ्याला लागणारी एपीएसची, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांची, पडताळणी आणि अनेकदा श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठाआधीच्या तयारीचं, वर्ष, दोन्ही टळतात. उलट नववी-दहावीत भारतात परतायची शक्यता असेल तर ही शाळा नकोच. माध्यम, हिंदी, गणिताचा क्रम, सगळंच एकदम बदलतं.

जेवणात शाकाहारी पर्याय असतो, पण तो बहुधा पास्ता नाहीतर बटाटा. डबा द्या. फी ठरवताना दाफचे तास, बस, सहली आणि शाळा चालवणाऱ्या पालक-संघाची वर्गणी वेगळी आहे का, ते लेखी विचारा. ऑफिस फी भरतं तेव्हा नेमकं हेच खिशातून जातं.

प्रवेशाआधी 'श्नुपरटाग' मागा. मूल दोन-तीन दिवस वर्गात बसतं. घरी आल्यावर 'मजा आली का' हे विचारू नका. मधल्या सुट्टीत कुणाशी बोललं आणि कुठल्या भाषेत, ते विचारा.