फ्लाय ॲशच्या विटा: पहिल्या उन्हाळ्याने दाखवलेलं

भिंत पावसाळ्यात उभी राहिली, दिवाळीआधी गिलावा झाला आणि मार्चचं ऊन लागताच भेगा दिसल्या. एक कॉलमला चिकटून वरपासून खालपर्यंत, पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी. दुसरी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी. पहिला राग अर्थातच विटेवर निघाला. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, म्हणजेच फ्लाय ॲश, जवळ, म्हणून स्वस्त, म्हणून हलकी!

गिलावा काढल्यावर मत बदललं. वीट शाबूत होती, भेग सांध्यातून गेली होती.

गवंड्याने लाल विटेच्या सवयीने माल रात्रभर हौदात भिजवला होता. राखेची वीट पाणी पिऊन किंचित फुगते आणि भिंतीत सुकताना आकसते. तिच्यावर बांधण्याआधी नुसतं पाणी शिंपडायचं. त्यात नऊ इंची भिंतीला मजबुतीच्या नावाखाली 1:4 चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मसाला वापरला. 1:6 पुरतो, कडक मसाला ताण सोसत नाही, तडकतो. सगळ्यात संताप पुरवठादाराचा. वीट पाडून, म्हणजे साच्यातून काढून, दहा दिवस झाले नसताना ट्रॅक्टर भरला आणि तक्रार केल्यावर म्हणे हवेचा दोष. राख सावकाश मजबुती पकडते, वीट 28 दिवसांची हवी. बिलावरची तारीख बघून उपयोग नाही, पाडल्याची तारीख विचारा.

माल उतरवण्याआधी एक सुकी वीट तोला, 24 तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. आयएस 12894 या भारतीय मानकाप्रमाणे साधारण वापरातल्या विटेचं वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. तीन किलोच्या विटेला 600 ग्रॅम.

दुरुस्तीची घाई नको. भेगेच्या टोकांना पेन्सिलने तारीख घाला, रेघ पुढे सरकायची थांबली की मगच हात लावा. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून, भेग खाचून भरून, वर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) ठोकायची आणि पुन्हा गिलावा करायचा. कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावर ही जाळी आधीच मारली असती तर गिलावा दोनदा करायचा खर्च वाचला असता.

बाकी वीट आवडली. आकार एकसारखा, त्यामुळे आतून 12 मिमी गिलाव्यात भिंत सरळ येते, मसाला कमी लागतो. यंदाच्या पावसात आत ओल नाही. खिळा हाताने ठोकू नका, विटेची कड उडते. ड्रिल आणि प्लग वापरा.

वरच्या मजल्यालाही हीच वीट घेतली आहे. थप्पी ताडपत्रीखाली, खडूने पाडल्याची तारीख लिहून. 28 दिवस भरेपर्यंत गवंड्याला बोलावलेलं नाही.