पीं पीं वाजणारं यंत्र आणि पोट आलेली भिंत

आमच्या जुन्या दगडी घराच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. छताखाली गिलाव्याचे पोपडे, तळाशी पांढरे क्षार फुललेले. दुरुस्तीआधी भिंत आतून कशी आहे ते तपासून घ्यावं, एवढं शहाणपण आम्ही दाखवलं. ‘तपासणी मोफत’ म्हणणाऱ्यालाच बोलावलं, तिथे ते संपलं.

माणूस गोड बोलणारा. खिशातून दोन सुयांचं यंत्र काढून त्याने क्षारांवर टेकवलं, तशी पीं पीं सुरू झाली. “बघा साहेब, जमिनीतून पाणी चढतंय.” त्या यंत्राला पाणी दिसत नाही, सुयांमधून वीज किती सहज जाते तेवढंच ते मोजतं आणि क्षार असले की बऱ्यापैकी कोरडी भिंतही ओलीचिंब दाखवतं, हे मला फार उशिरा कळलं. पण जमिनीतून येणारी ओल साधारण मीटरभरच चढते आणि आमचे पोपडे तर छताखाली होते! एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. त्याने वर मान करून पाहिलंही नाही. भिंतीवर साधी टिचकी मारली नाही.

मग रंगीत अहवाल आला. त्यातल्या एका फोटोत खिडकी होती, आमच्या त्या भिंतीला खिडकीच नाही. विचारलं तर म्हणाला, “नमुन्यादाखल टाकलाय.” आणि मी ऐकून घेतलं. तळाशी ओळीने भोकं पाडून रसायन भरलं, वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, 10 वर्षांची हमी शिक्क्यासकट हातात दिली.

पुढच्या पावसात भिंतीला पोट आलं.

या वेळी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे हातोडी आणि ओळंबा, बस. हातोडीच्या दांड्याने वीतभर अंतरावर ठोकत गेले. कडेला ठणठण, मधोमध बद्द. ओळंबा सोडला तर भिंत दोन बोटं बाहेर. त्यांनी एक दगड काढला आणि मला म्हणाले, “हात घाला.” कोपरापर्यंत गेला. अशी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडांचे थर आणि मध्ये चिपा-मातीची भर. गच्चीच्या पाइपाचा सांधा आतल्या आत सुटला होता, त्या पाण्याने भर धुऊन खाली बसली होती आणि बाहेरचा थर कशालाही न धरता नुसता उभा होता. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून थोडी तरी ओल वाळत होती. सिमेंटने तीही वाट बंद केली.

पाइप बदलला, भिंत टेकू देऊन अर्धी उतरवली, पुन्हा बांधली.

रसायनवाल्याला फोन केला. त्याने हमीपत्राचं पान उलटायला सांगितलं. मागे बारीक अक्षरात होतं: भिंत उघडल्यास हमी रद्द.