6,840 डॉलर घेतले आणि झाकणेही उघडली नाहीत

अमेरिकेतील ओहायोत माझे 1975 सालचे सेस्ना 172एम हे छोटे विमान आहे आणि त्यात लायकमिंगचे 150 अश्वशक्तीचे ओ-320 इंजिन आहे. गेल्या हिवाळ्यात ते सकाळी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे अडखळत चाले आणि तापले की सुरळीत होई. व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडमध्ये शिसे व कार्बन साचून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकण्याचे हे जुनेच लक्षण असून त्याला ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात. एका कार्यशाळेने चारही सिलिंडर उतरवून नवे गाइड बसवावे लागतील असे सांगितले आणि 6,840 डॉलर मागितले. त्यांपैकी 3,420 आगाऊ, आणि तेही चेकने. चेकने देऊ नका. क्रेडिट कार्डावर निदान तक्रार तरी करता येते.

तीन आठवड्यांनी विमान आणायला गेलो, तेव्हा काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडून मी टॉर्च मारला होता. गाइड बदलायला सिलिंडरवरची झाकणे, म्हणजे रॉकर कव्हर, उघडावीच लागतात, पण त्यांच्या स्क्रूंच्या खाचांत जुने तेल आणि धूळ घट्ट बसलेली होती. दोन स्क्रूंवरचा करडा रंग तर अखंड होता, म्हणजे त्यांना पेचकस लागलेलाच नव्हता. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि तरीही उरलेल्या 3,420 डॉलरच्या चेकवर सही केली. त्या क्षणी जुने गाइड दाखवा, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. मेकॅनिकने सिलिंडर दाब किती धरतो ते पाहणाऱ्या चाचणीत 80 पैकी 78 कॉम्प्रेशन दाखवले आणि मी गप्प बसलो. गरम इंजिनावर घेतलेल्या त्या चाचणीत थंडीत अडकणारा व्हॉल्व्ह दिसत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. पण परवानाधारक माणूस लॉगबुकात सही करून काम झाल्याचे लिहितो, तेव्हा त्याला खोटे समजायचे तरी कसे?

विमान एकूण अकरा तास उडवून झाल्यावर टेकऑफसाठी धावपट्टीवर वेग घेत असताना इंजिन एकाएकी हादरू लागले. चाके अजून जमिनीवर होती म्हणून वाचलो, आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती. दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर काढले, तर तिसऱ्या सिलिंडरचा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाकलेला, गाइडमध्ये कोळशासारखा टणक थर आणि गॅस्केट वर्षानुवर्षे चिकटून बसलेली. स्पार्क प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सोडून व्हॉल्व्हला खालून आधार द्यायचा, स्प्रिंग काढायची, मग दोरी काढून व्हॉल्व्ह आत सोडायचा आणि गाइड रीमरने साफ करायचे, ही लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन 1425 मधली रीत त्याने वापरली. एकही सिलिंडर उतरवावे लागले नाही. चारही गाइड आणि नवा पुशरॉड मिळून बिल झाले 1,380 डॉलर. सिलिंडर उतरवायलाच हवे असे कोणी म्हणाले, तर लायकमिंगच्याच सर्व्हिस बुलेटिन 388सी प्रमाणे गाइडची झीज आधी मोजून दाखवायला सांगा.

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार लॉगबुकात जाणूनबुजून खोटी नोंद करणे हे उल्लंघन आहे. विमान वाहतूक खात्याच्या स्थानिक कार्यालयाने फोटो मागवले. दोन महिन्यांनी अधिकारी बदलला आणि नव्या अधिकाऱ्याने तेच फोटो पुन्हा मागवले. मग ‘हेतू सिद्ध करा’ असे कळवले आणि पैशांचा प्रश्न आमचा नाही, हेही सुनावले. राज्याच्या ग्राहक विभागाने विमानाचा विषय केंद्राचा म्हणून हात झटकले, पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला आणि बँकेने चेक वटल्याचे सांगून फोन ठेवला. धावपट्टीवर माणसे मेली असती, तर याच सर्वांनी चौकशी समिती नेमली असती.

सात महिने झाले तरी ती कार्यशाळा चालू आहे. तुम्ही कोठेही असे काम करून घेतले असेल, तर पुढच्या उड्डाणाआधी काउलिंग उघडून रॉकर कव्हरचे स्क्रू पाहा. सिलिंडर उतरवलेले असताना स्वतः तेथे जा, इंजिनाच्या क्रमांकासह फोटो काढा आणि काढलेले जुने भाग हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.