स्क्वॉलर शब्दाचं मूळ शोधायला एटिमऑनलाइन कशी वाटली

इंग्रजी वाचताना स्क्वॉलर (squalor) शब्द आला की आपण 'घाण' असा अर्थ लावून पुढे जातो, पण चिखलात लोळून आलेलं पोरही घाणच असतं की, त्याला कोणी स्क्वॉलर म्हणत नाही. मग नेमकं काय, हे बघायला मी डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडते, म्हणजे सगळे जिला एटिमऑनलाइन म्हणतात ती. वाचायला फुकट आहे आणि मला खरंच मनापासून आवडते.

नोंद छोटीशीच आहे. शब्द १६२० च्या दशकात इंग्रजीत आला, लॅटिनमधून जसाच्या तसा, मूळ क्रियापद स्क्वालेरे म्हणजे मळलेलं असणं. स्क्वॉलिड हे विशेषण त्याच्याही आधीचं, १५९० च्या दशकातलं. हे साल म्हणजे लेखी पुरावा सापडतो ते, बोलण्यात शब्द त्याआधीपासून असू शकतो, आणि साइटवर हे स्वच्छ सांगितलंय हे मला फार बरं वाटतं. स्क्वॉल म्हणजे वाऱ्याचा सोसाटा, तो दिसायला जवळचा पण नात्यातला नाही बरं का.

खरी मजा मात्र सोबत लॅटिन डिक्शनरी उघडली की येते. लुइस आणि शॉर्टची १८७९ ची डिक्शनरी टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या पर्सियस साइटवर आहे, तीही फुकट. तिथे कळतं की स्क्वालेरे म्हणजे नुसतं मळणं नाही, खरखरीत होणं, अंगावर राठ थर चढणं, मशागत न झालेलं पडीक शेत सुद्धा त्यात आलं, आणि शोकही! रोममध्ये एखाद्यावर खटला चालला की तो आणि त्याची माणसं मुद्दाम मळके कपडे घालून, केस-दाढी वाढवून लोकांसमोर यायची, दया यावी म्हणून, त्या अवस्थेलाही स्क्वॉलर म्हणायचे. म्हणजे घाणीसोबत दैना आणि हेळसांड शब्दात पहिल्यापासूनच आहे, आपलं 'बकालपणा' त्याच्या बरंच जवळ जातं.

आता शब्द पुढे कसा वापरला गेला, त्यासाठी ही साइट नाही. १९४२ च्या बेव्हरिज रिपोर्टमध्ये, म्हणजे समाजकल्याण योजनांवरच्या ब्रिटिश सरकारी अहवालात, ब्रिटनसमोरचे ५ राक्षस सांगितलेत, गरिबी, रोगराई, अज्ञान, बेकारी आणि हा स्क्वॉलर, तिथे रोख वाईट घरं आणि दाटीवाटीच्या वस्त्यांवर आहे. असले वापर तारखेनिशी उताऱ्यांसकट बघायचे तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरीच लागते, पण ती पूर्ण बघायला सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं, लायब्ररीतून मिळाली तर उत्तम.

तरी सुरुवात एटिमऑनलाइननेच करा. ॲप पण आहे, पण मी ब्राउझरमध्येच वापरते कारण एका शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारताना लॅटिनवाली डिक्शनरी शेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवता येते.